बारीक आवाज

दोहा, सनय्याचा मजूर कॅम्प
८ असोज

माझ्या बुढीला,

तुझी अजून तिशी यायची आहे आणि मी तुला बुढी म्हणतो म्हणून फुगून बसू नकोस. इथे खोलीत सगळेच बायकोला बुढी म्हणतात, आणि ज्याची बुढी जास्त तरुण तो जास्त मोठ्याने म्हणतो.

कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. फोनवर अक्षरं टिपायची तर बोटं चालत नाहीत. दिवसभर काँक्रीट फोडायचा ब्रेकर धरायचा, संध्याकाळी भाताचा घाससुद्धा हातात थरथरतो. तूही असंच कर. कागदावर लिही, फोटो काढ आणि धाड. त्या ॲपवरच्या बोलण्यात आता काही राम राहिला नाही. चित्र स्वच्छ दिसतं, तू तोंड हलवतेस, आणि आवाज असा येतो की कुणी मडक्यात डोकं घालून बोलतंय. परवा आपली जुनकिरी काय सांगत होती? मला नुसती फुसफुस ऐकू आली. मी आपला हसून "बरं, बरं" म्हणत गेलो.

दोष तिकडचाच आहे. इथे खोलीतल्या बाकीच्यांचं बोलणं नीट होतं. सुलीचौर बाजारात भीमलालचं मोबाइलचं दुकान आहे, त्याला फोन दाखव. शाळेत माझ्यामागे होता, माझं नाव सांग.

दसैंचा सण आला. बांनी बोकड हेरून ठेवला असेलच. कपाळाला टीका लावायच्या वेळी मला व्हिडिओवर घ्या. यंदा तरी पोरीचं गाणं धड ऐकू येऊ दे.

तुझा बुढा,
नरबीर


गैरीगाउँ, रोल्पा, नेपाळ
१७ असोज

अहो बुढा,

पत्राचा फोटो मोठा करकरून वाचला. अक्षर तसंच आहे, चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. तरी बरं वाटलं. तुमचं अख्खं बोलणं कितीतरी दिवसांनी एका दमात कळलं.

जुनकिरी काय सांगत होती विचारलंत. ती म्हणत होती, "बाबा, मला ताप आलाय, कडू औषध देतात." त्यावर तुम्ही हसून म्हणालात, "वा, बरं झालं! अजून मागून घे!" पोर गोधडीत तोंड घालून रडली. आता ताप उतरलाय, काळजी करू नका. मी तिला समजावलं, बाबांना ऐकू आलं नाही गं. तर म्हणते, "मग हसले कशाला?"

फोन भीमलालकडे नेला. त्याने उघडून पुसला, माइक बदलला, मला बाहेर उभं करून स्वतःच्या फोनवर बोलायला लावलं. म्हणाला, "भाउजू, आवाज खणखणीत आहे. दाजूंना सांगा, भानगड तिकडचीच." तरी माझं मन मानेना. शनिवारी जुनकिरीचा हात धरून टॉवरच्या डोंगरावर चढले आणि तिथून बोलले. तुम्ही म्हणालात, "वाऱ्याचा आवाज फार येतोय." बुढा, झाडाचं पान हलत नव्हतं हो! मी इतकी ओरडले की खालच्या शेतातून ठूलीकाकीने विचारलं, "लालसरी, वाघ आला का गं?" अर्ध्या गावाला ऐकू गेलं, नाही गेलं ते एका तुम्हाला.

बा मात्र खुशीत आहेत. पडवीत बसल्या बसल्या बोलतात आणि त्यांचं तुम्हाला सगळं कळतं. म्हणतात, "बोलायला छाती लागते सूनबाई, बायकांचं ते काम नव्हे."

बोकड ठरलाय. काळा आहे. ब्रेकर धरताना कानात बोळे घालता ना? तुमच्या मागच्या व्हिडिओत मागे मशीन चालू होतं, त्यानेच माझं डोकं उठलं.

तुमची,
लालसरी


दोहा
१२ कार्तिक

लालसरी,

दसैंच्या दिवशी मी सुट्टी मागून घेतली होती. मुकादमाच्या हातापाया पडलो होतो. कपाळाला दही-तांदूळ लावून फोनसमोर बसलो. बांनी आशीर्वाद दिला, शब्द न् शब्द कळला. कान्छा बोलला, तोही कळला. मागून कुणीतरी "मांस करपलं रे" म्हणून ओरडलं, ते कळलं. मग फोन तुझ्या हातात आला आणि आवाज गेला. जुनकिरी गायली म्हणता, मी तिचे ओठ पाहिले. बस.

तूच सांग, हे कसलं ॲप? तोच फोन, तेच अंगण, तोच दिवस. माझ्या बापाचा आवाज समुद्र ओलांडून येतो, भावाचा येतो, आणि माझ्या बायकोचाच तेवढा वाटेत बुडतो?

मी खोलीत बोललो. सुर्खेतचा मनिराम आहे ना, ज्याची बायको गेल्या वर्षी निघून गेली, तो म्हणाला, "माझंही असंच सुरू झालं होतं. आधी आवाज जातो, मग बायको." सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री अन्न गेलं नाही.

तू तोंडावर पदर धरून बोलतेस का? की शेजारी कुणी असतं म्हणून दबकून बोलतेस? सरळ विचारतोय, राग मानू नकोस. आणि एरवी प्रत्येक वेळी भीमलालच्या दुकानातूनच फोन का? मी एकदा दाखव म्हणालो होतो, तिथे बिऱ्हाड कर म्हणालो नव्हतो.

कानात बोळे घालतो. बोळे दिले तेव्हा घालत होतो, आता ते हरवले. कानांचं सोड, मी काय विचारलं त्याचं उत्तर दे.

नरबीर


गैरीगाउँ
२५ कार्तिक

जुनकिरीचे बाबा,

तुम्ही राग मानू नकोस म्हणालात. मी मानला.

दुकानातून बोलते कारण भीमलालकडे तारेचं इंटरनेट आहे, घरी चित्रसुद्धा अडकतं. तुम्हीच म्हणालात ना, आवाज सुधार? मी आणखी काय सुधारू? ॲप काढून दुसरं घातलं. तेही काढून तिसरं घातलं. माझ्या दोन शेळ्या विकून नवा फोन घेतला. कानाला लावायच्या तारा आणल्या. ओरडून ओरडून घसा बसला, आता घरातही माझा आवाज घोगराच येतो. दुकानाच्या पायरीवर बसून मी ओरडते, "हो, मी जेवले! हो, पोर बरी आहे!" आणि बाजार बघत राहतो. बा म्हणाले, "सून आहेस की दवंडीवाला?" तिकडे तुम्ही म्हणता मी दबकून बोलते. मी नेमकं कुणाचं खरं करू?

भीमलालची बायको दुकानात माझ्या शेजारी बसलेली असते. तिचं नाव टीकासरा. ती मला पाणी देते, कारण माझा घसा तिला बघवत नाही. तिचंही बोलणं तुम्हाला कधी ऐकू आलं नसेल.

मनिरामदाजूंच्या बायकोचं काय झालं ते मला माहीत नाही. पण तिचं ऐकायला कुणी गेलं होतं का?

जुनकिरी आता फोनवर यायला तयार होत नाही. "बाबा 'काय? काय?' करतात आणि मग चिडतात," म्हणते. तिला मी कसंबसं बसवते. तेवढं एक करा, तिच्यावर चिडू नका.

लालसरी


दोहा
१८ पुस

लालसरी घर्ती,

आता माझ्याकडून बुढी वगैरे काही नाही, माहेरचंच नाव.

काल दुपारच्या सुट्टीत मी फोन केला. तू उचललास. थोडं तोंड हलवलंस, मग फोन उलटा झाला, मला दुकानाचं छप्पर दिसायला लागलं. आणि मग एका पुरुषाचा आवाज आला. स्वच्छ, जसा शेजारी बसून कुणी बोलतं. "रडू नको. मी आहे ना." पाठोपाठ फोन बंद.

हे ॲपने बिघडवलं नाही. हे शब्द समुद्रावरून कसे अगदी नीट आले!

मी कान्छाला सगळं सांगितलंय. नवा फोन त्याच्याकडे देशील. यापुढे बोलायचं ते घरून, बांच्या समोर. बाजारात जायचं नाही. पोरीलासुद्धा तू तसंच कुजबुजायला शिकवलंयस, ते मला कळत नाही असं समजू नकोस.

इथे उन्हाळ्यात पन्नास अंश सोसून मी कुणासाठी फुटतोय, याचा विचार कर.

नरबीर पुन


घोराही, दाङ
५ फागुन

नरबीरजी,

हे पत्र जुनकिरीच्या शाळेतल्या मिसच्या फोनवरून पाठवतेय. मिस चांगल्या आहेत, त्यांनी वाचलं नाही.

त्या दिवशी जुनकिरीची बोटं दुकानाच्या लोखंडी शटरमध्ये चेमटली. मी फोन टाकून धावले. धावताना ओरडून तुम्हाला सांगितलं, "पोरीची बोटं सापडली, थांबा, मागून करते." भीमलालने शटर उचलून धरलं आणि तिला म्हणाला, "रडू नको. मी आहे ना." सहा वर्षांच्या पोरीला म्हणाला. तिची दोन नखं गेली. टीकासरा दिदीने आपली ओढणी फाडून बांधली. हे सगळं मी त्याच संध्याकाळी लिहून काढलं होतं, फोटो काढायच्या आत कान्छाने फोन नेला.

मग बांचे आणि तुमचे फोन होत राहिले. मी भिंतीआडून ऐकायची. तुम्ही इतक्या मोठ्याने बोलता की बाहेर ऐकू येतं. "ती काय म्हणते?" तुम्ही विचारायचात. बा म्हणायचे, "काय म्हणणार? तोंड आहे का तिला?" तुम्हाला ते ऐकू येत होतं. मी तिथेच उभी होते.

माघी संक्रांतीला कान्छा आणि त्याचे सोबती दारू पिऊन बाजारात गेले. भीमलालला दुकानातून ओढून काढलं, तोंडाला काळं फासलं, काचा फोडल्या. दुरुस्तीला आलेले लोकांचे फोन रस्त्यावर पडले होते. दुकान आता बंद आहे. टीकासरा दिदी मुलाला घेऊन माहेरी गेली. जाताना मला भेटायला आली आणि माझ्या दारात थुंकली. मी तिला दोष देत नाही. तिने माझा घसा ओला केला होता.

दुसऱ्या दिवशी बा म्हणाले, "सूनबाई, नरबीर येईस्तो तू माहेरी राहा." माहेरी भावाने दोन दिवस ठेवलं, तिसऱ्या दिवशी भावजय भांडी आपटायला लागली. म्हणून घोराहीला आले. इथे शाळेचे गणवेश शिवायच्या दुकानात काम मिळालंय. जुनकिरीचं नाव शाळेत घातलंय. खाली माझा नवा नंबर लिहिलाय, फोन साधा आहे, त्यावरून फोटो जात नाही. मी लपलेली नाही. विचारायचं ते मला विचारा, बांना नाही, कान्छाला नाही.

लालसरी


दोहा
२२ चैत

माझ्या लालसरी,

कुठून सुरू करू कळत नाही. तीन कागद फाडले.

तुझं फागुनचं पत्र आलं तेव्हा मी वाचलं. खरं सांगतो, विश्वास बसला नाही. पढवून लिहिलंय असं वाटलं. म्हणून उत्तर दिलं नाही. मग गेल्या शुक्रवारी काय मनात आलं, एरवी मी बाहेर जाऊन बोलायचो, त्या दिवशी खोलीतूनच तुझा नंबर लावला. तू उचललास. मी म्हणत होतो, "हॅलो, बोल, बोल ना, बोलत का नाहीस?" वरच्या पलंगावर झापा जिल्ह्याचा नवीन माणूस आलाय, डंबर. तो उठून बसला. म्हणाला, "दाइ, ती बिचारी किती ओरडतेय! अजून काय बोलायचं तिने?" मी म्हटलं, "चेष्टा करू नकोस." त्याने फोन माझ्या हातातून घेतला, आपल्या कानाला लावला आणि तुझं एकेक वाक्य मला सांगत गेला. "म्हणते, मी ऐकतेय. म्हणते, जुनकिरी शाळेत गेलीय. म्हणते, तुमचा आवाज का कापतोय." लालसरी, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. मनिरामलासुद्धा. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी डंबर मला दवाखान्यात घेऊन गेला. एका बंद खोपटात बसवलं, कानांवर टोप्या घातल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. जाड आवाज आले तेव्हा दाबलं. मग बसलो. बसलोच. शेवटी काचेतून खूण केली की पुढचं सुरू करा. डॉक्टरने दार उघडलं आणि म्हणाला, "झालं. संपलं."

केरळचा डॉक्टर, हिंदीत बोलला. म्हणाला, मशीनच्या आवाजाने आधी बारीक आवाज जातात. बायकांचे, पोरांचे, पाखरांचे. पुरुषांचे जाड आवाज मागे राहतात. कानात वारा वाहतो तोही वारा नसतो, कानाचाच असतो. मी विचारलं, मला इतके दिवस कळलं कसं नाही? तो म्हणाला, "खोलीत कोण असतं? कामावर कोण असतं? सगळे पुरुषच ना? कळणार कसं?"

कंपनीला कागद गेला आणि कंपनीने घरी जा म्हणून सांगितलं. वैशाखात विमान आहे.

मी बांना आणि कान्छाला सगळं सांगितलं. बा म्हणाले, "मग सूनबाईला आण." तू मी यायच्या आत गैरीगाउँला जाऊन राहा. पोरीला घेऊन जा. घर उघडून ठेव. लालसरी, यात माझा दोष नव्हता गं, कानांचा होता. ऐकू आलं असतं तर मी असा वागलो असतो का? तूच सांग. एका बहिऱ्या माणसावर किती रागावशील?

तुझा बुढा,
नरबीर


घोराही
६ वैशाख

नरबीरजी,

पत्र वाचून मी रडले. खोटं सांगत नाही. गणवेश मांडीवर तसाच राहिला. तुम्ही त्या खोपटात बटण धरून बसलात, ते डोळ्यांसमोरून जात नाही. बोळे हरवले तेव्हा नवे का मागितले नाहीत, मागितले तर त्यांनी का दिले नाहीत, हे विचारायला माझ्यासमोर तुमचा मुकादम असता तर मी त्याला सोडला नसता.

आता तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. कान गेले हा तुमचा दोष नाही. पण डोळे तर शाबूत होते. असोजात मी तुम्हाला लिहिलं की पान हलत नव्हतं, अर्ध्या गावाला ऐकू गेलं. कार्तिकात लिहिलं की टीकासरा दिदी शेजारी असते. फागुनात तर बोटांपासून दुकानापर्यंत सगळं लिहिलं. ते पोचलं, तुम्ही वाचलंत. निळी खूण मिसनी मला दाखवली होती. मी रोज शाळा सुटताना त्यांना विचारायची, "उत्तर आलं का?" पुढे पुढे मिसच मला बघून मान हलवायच्या.

कागदावर माझा आवाज बारीक नव्हता. तरी तुम्हाला पटलं ते डंबरभाईंनी आपल्या तोंडाने सांगितल्यावर. मध्ये एक पुरुष यावा लागला. आणि जिथे ऐकू येत नव्हतं तिथे तुम्ही काहीही ऐकू शकला असता. बायको दमली असेल, आजारी असेल, रडत असेल. तुम्हाला तिथे परपुरुष ऐकू आला. तो कानांनी नाही ऐकवला.

मी गैरीगाउँला जाणार नाही. तुम्ही यायच्या आतही नाही आणि आल्यावरही नाही. बा म्हणाले "आण", जशी मी चरायला सोडलेली म्हैस. ज्या अंगणातून मला काढलं ते मी झाडून ठेवणार नाही. शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी मला आत एक खोली दिलीय. एवढीशीच आहे, पण दार मी लावलं की लागतं.

तुम्हाला कुणाची माफी मागायचीच असेल तर आधी भीमलालकडे जा. तो मलेशियाला जायचे कागद करतोय असं ऐकलं. टीकासरा दिदी परतली नाही. तिला मी दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तिलाही पटत नसेल.

जुनकिरी तुमची आहे, ते मी नाकारत नाही. काठमांडूहून गाडी सकाळी घोराहीला लागते. उतरलात की बसपार्कवर थांबा, मी तिला घेऊन येईन आणि लांब उभी राहीन. नखं परत आलीत, एक जरा वाकडं आहे. तिला मी सांगितलं की बाबांचे कान मशीनने गेले. तिने मग विचारलं, "मी किती जोरात बोलू?" मी म्हटलं, तू बोलतेस तशीच बोल.

फोनसाठी या पोरीला मी डोंगरावर नेलं, ओरडायला लावलं, तिचा घसा बसवला. आता नाही. ती हळूच बोलेल. तुम्ही खाली वाका.

लालसरी घर्ती